हातचा एक

पनवेलच्या बाजारात मला पाहून रस्ता ओलांडणारे लोक आहेत. चांगले बायकापोरांचे, पोट सुटलेले, मोठमोठ्या गाड्यांतून हिंडणारे. परवा एकाने तर निवडलेली कोथिंबिरीची जुडी परत टोपलीत ठेवली आणि मान खाली घालून सटकला. ही सगळी माझी मुलं. म्हणजे मी त्यांना दहावीला बीजगणित आणि भूमिती शिकवलेली आहे.

मी निवृत्त झाले तेव्हा निरोप समारंभात मुख्याध्यापक म्हणाले, “बाईंनी दगडाला गणित शिकवलं.” असल्या समारंभात माणसं काहीही बोलतात. मेलेल्या माणसाबद्दल आणि निवृत्त होणाऱ्या माणसाबद्दल खरं बोलायचं नसतं, हे मला कळायला हवं होतं. पण मी ते वाक्य शालीबरोबर घरी घेऊन आले आणि जपून ठेवलं. शाल कुठे गेली देव जाणे, वाक्य मात्र डोक्यात राहिलं.

त्यामुळे माझी नात दुसरीत बेरीज-वजाबाकीत अडकली आहे असं कळलं, तेव्हा मला वाईट वाटायच्या आधी बरंच वाटलं. हो, खोटं कशाला बोलू? मला वाटलं, चला, आपली गरज पडली.

नात सात वर्षांची. तिचे आईबाप कामोठ्याला राहतात, दोघंही नोकरीवाले. शाळेची व्हॅन तिला दुपारी आमच्या गेटशी सोडते आणि संध्याकाळी सातच्या सुमाराला माझी लेक ऑफिसातून येताना तिला स्कूटरवरून घेऊन जाते. मधला वेळ माझा. त्या वेळात आम्ही काय करतो? काही नाही. ती शाळेतल्या कागाळ्या सांगते, मी पोळीचा लाडू करून देते, मग आम्ही दोघी बाल्कनीत बसून खालच्या रिक्षावाल्यांची भांडणं ऐकतो आणि कोणाचं खरं ते ठरवतो. बाकीच्या दिवसात आमच्या घरात मी, आमचे हे आणि वर्तमानपत्र. त्यात जास्त बोलकं वर्तमानपत्र.

शाळेच्या मीटिंगला टीचरने लेकीला सांगितलं की मुलगी हुशार आहे, पण दोन अंकी बेरीज-वजाबाकी आली की गांगरते. लेक त्या दिवशी सोफ्यावर बसायच्या आधीच म्हणाली, “आई, मी दिवाळीपर्यंत बघते. नाही जमलं तर आमच्या इथल्या क्लासला घालते. रोज चार ते सहा. तिथूनच घरी नेईन, तुलाही मग दगदग नको.”

चार ते सहा! म्हणजे पोळीचा लाडू गेला, रिक्षावाले गेले, सगळंच गेलं. आणि वर म्हणे दगदग नको. मला दगदग हवी होती.

“क्लास कशाला?” मी म्हटलं. “घरात विहीर असताना टँकर मागवतेस? महिन्याभरात पक्की करते तिला.”

“आई, तू ओरडतेस,” लेक म्हणाली.

“मी? मी कधी ओरडते?” असं मी इतक्या मोठ्याने विचारलं की हे आतल्या खोलीतून बाहेर आले.

दुसऱ्या दिवशी मी डायनिंग टेबलावर पाटी-पेन्सिल मांडली आणि उदाहरण घातलं. सत्तावीस अधिक पंधरा. सत्तावीस म्हणजे ट्वेंटी सेव्हन, पंधरा म्हणजे फिफ्टीन, असं भाषांतरही करून दिलं, कारण पोरीची शाळा इंग्रजी. तिने एकाखाली एक सुबक अंक काढले.

“सात आणि पाच?”

तिने बोटं मोजली. “बारा.”

“शाब्बास. बाराचे दोन खाली लिही. हातचा एक.”

तिने पेन्सिल थांबवली. “कुठल्या हातचा?”

“तुझ्या.”

“उजव्या की डाव्या?”

इथे शहाण्या माणसाने थांबून विचार केला असता. मी दहावीच्या पोरांना हाकणारी बाई, मी म्हटलं, “डाव्या! उजव्याने लिहितेयस ना?”

तिने डावी मूठ घट्ट मिटली आणि मांडीवर ठेवली. मग पुढची बेरीज. दोन आणि एक तीन. उत्तर आलं बत्तीस.

“अगं, हातचा कुठे गेला?”

तिने मूठ उघडून पाहिली. “इथेच आहे की,” ती म्हणाली. म्हणजे हातचा हातातच होता. त्याला खाली उतरवून मिळवायचं असतं, हे मी सांगितलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून ती हातचा फारच मनावर घ्यायला लागली. हातचा एक म्हटलं की मूठ बंद. त्या हाताने मग ती पाण्याची बाटली उघडायची नाही, चकली घ्यायची नाही, पान उलटायची नाही. एकदा गणित अर्ध्यावर असताना तिचं नाक खाजलं, उजव्या हातात पेन्सिल होती, तिने डाव्याने नाक खाजवलं आणि तिचा चेहरा पडला.

“आजी, सांडला.”

“काय सांडलं?”

“हातचा.” आणि ती खुर्चीखाली बघायला लागली.

“अगो, हातचा सांडत नाही! ती नुसती म्हणायची पद्धत आहे!”

“मग हातचा का म्हणतात?”

मला सांगता आलं नाही. इतकी वर्षं शिकवलं, हजारो पोरांच्या हातात हातचे दिले, एकानेही विचारलं नव्हतं. विचारायची छाती झाली नसेल. आता एखादीला उत्तर येत नसेल तर ती गप्प बसेल, पण मला गप्प बसायची सवय नसल्यामुळे मी ओरडले. पोरीने मूठ आणखी घट्ट केली.

हे वर्तमानपत्राआडून म्हणाले, “झाकली मूठ सव्वा लाखाची. राहू दे तिला.”

“तुम्ही गणितात पडू नका,” मी म्हटलं.

आठवड्याने लेकीचा ऑफिसातून फोन. “आई, तू हिला काय शिकवलंयस? टीचर म्हणाली, वर्गात मूठ आवळून बसते आणि काहीच लिहीत नाही. हात दुखतो का विचारलं त्यांनी.” म्हणजे आधी पोरगी नुसती गांगरायची. माझ्या शिकवण्यानंतर ती गांगरून मूठ आवळायला लागली. ही माझी प्रगती.

पण मी हार मानणारी नाही. आमच्या ह्यांनी मोबाइलवर लहान मुलांना बेरीज शिकवायचे व्हिडिओ शोधून दिले. त्यात सगळ्या बायका इतक्या गोड बोलत होत्या की मला दोन व्हिडिओंतच मळमळायला लागलं. तरी एक कळलं, मुलांना वस्तू हाताळायला द्यायच्या. मी डब्यातले चिंचोके काढले.

नातीने चिंचोक्यांचं लग्न लावलं. एक नवरा, एक नवरी, बाकीचं वऱ्हाड. “आजी, नऊ जण आले. ह्यातले चार जण रुसले, जेवायलाच नाही बसले. मग पाचच पानं वाढली.”

“खेळ पुरे,” मी चिंचोके गोळा करत म्हटलं, “आपल्याला वजाबाकी करायचीय.”

मी काय केलं हे माझ्या लक्षात यायला रात्रीची भांडी घासून व्हावी लागली. पण तोपर्यंत वऱ्हाड डब्यात गेलं होतं आणि दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, चिंचोके नकोत, ते गणिताचे झालेत.

मग उड्या. बिल्डिंगच्या पॅसेजमध्ये मी खडूने लांब रेघ मारली, शून्यापासून वीसपर्यंत आकडे लिहिले. पुढे उड्या मारल्या की बेरीज, मागे मारल्या की वजाबाकी. कल्पना चांगलीच होती. नातीला उड्या फार आवडल्या, पण ती उड्या मारताना मोजायची विसरत होती, म्हणून मी म्हटलं, थांब, मी दाखवते. आठवर उभी राहिले. “आठ अधिक पाच!” तीन उड्या बऱ्या गेल्या. चौथीला गुडघ्यातून असा काही आवाज आला की समोरच्या वहिनींनी दार उघडलं. मी बारावर भिंत धरून उभी. नात म्हणाली, “आजी, अजून एक राहिली.”

तेल लावताना हे म्हणाले, “उद्या वजाबाकी घे. मागे उडी मारताना तू कशी दिसतेस बघू.”

शेवटी मी माझ्या हुकमी पद्धतीवर आले, तोंडी गणित. मी ओट्याशी भाजी चिरायची, ती टेबलाशी बसायची, मी आतून आकडे सांगायचे आणि तिने उत्तर ओरडून सांगायचं. इथे नवीनच भानगड सुरू झाली. काही उत्तरं अगदी बरोबर यायची आणि काही नेमकी दहाने जास्त. एकोणतीस अधिक पंधरा विचारलं की ती सांगायची फिफ्टी फोर. चोपन्न! पाहिजेत चव्वेचाळीस.

चुका ओळखण्यात माझा हात कोणी धरणार नाही, असा माझा समज होता. मी सुरी तशीच हातात घेऊन बाहेर आले आणि निदान सांगितलं. “दहा जास्त! म्हणजे हातचा दोनदा मिळवलास.”

“नाही मिळवला.”

“मिळवलास. नाहीतर दहा आले कुठून?”

“माहीत नाही.” तिचा आवाज बारीक झाला होता. मग टेबलाकडे बघतच ती म्हणाली, “आजी, तू गणिताची आजी असलीस की मला आवडत नाहीस. आपण क्लासला जाऊ या का? मी जाते.”

मी परत ओट्याशी गेले आणि भेंडी चिरायला लागले. भेंडी चिरताना डोळ्यांत पाणी येत नाही, म्हणून कांदा घेतला. फार लागलं मला ते. ज्या संध्याकाळी वाचवायला मी ही सगळी यातायात केली, त्याच मी माझ्या हाताने नासवत होते. दिवाळी जवळ आली होती आणि पोरीने स्वतःच तोंडाने क्लास मागितला होता. करायला गेले गणपती आणि झाला मारुती.

त्याच आठवड्यात माझी डोळे तपासायची वेळ होती. हे पेणला भावाकडे गेले होते, म्हणून शाळेतून आलेल्या नातीला घेऊनच मी डोळ्यांच्या दवाखान्यात गेले. तिथे डोळ्यांत थेंब घातले. ते घातले की बाहुल्या मोठ्या होतात आणि काही तास सगळं धुरकट दिसतं. भिंतीवर लाल आकड्यांची पाटी होती, तिच्यावर नंबर बदलायचा. मला तिथे नुसता लाल ढग दिसत होता.

“आपला नंबर एकोणचाळीस,” मी नातीला सांगितलं. “आता तू माझे डोळे. त्या पाटीवर एकोणचाळीस आला की मला सांग. मधे बडबड नको, इकडेतिकडे बघू नकोस.”

“आत्ता थर्टी सिक्स आहे,” ती म्हणाली आणि पाठ ताठ करून बसली. काम मिळालं की पोरगी शिपायासारखी पहारा देते.

माझ्या शेजारी नेऱ्याकडच्या एक बाई बसल्या होत्या. त्यांनी सहज विचारलं, नात का? झालं. मी सुरू. मी गणिताची शिक्षिका होते, आजकालच्या मुलांचं लक्ष कसं नसतं, त्यांना ऐकण्याची सवयच नाही, ऐकायला शिकवलं की निम्मं गणित तिथेच सुटतं. बाई मान डोलवत होत्या. मी मधेच म्हटलं, कंटाळलात का, तर म्हणाल्या, “नाय नाय, तुमी बोला. माजा नंबर अजून लांब हाय.” मला तेवढंच पुरलं. मी हातच्याचा सगळा इतिहास सांगितला. आत कोणी काही पुकारत होतं, लोक उठत होते, बसत होते, माझं व्याख्यान चालू.

“आजी! आला! एकोणचाळीस आला!”

नात आनंदाने उभी राहिली होती. मी तिचा हात धरून चाचपडत काउंटरशी गेले. तिथली मुलगी म्हणाली, “आजी, हा फॉर्टी नाइन. तुमचा कितवा?”

“एकोणचाळीस.”

“थर्टी नाइन ना? तो मगाशीच गेला. मी दोनदा ओरडले.”

माझा पारा चढला. “गेला कसा? माझी नात डोळ्यांत तेल घालून बसलीय तिथे!”

“तेल घालून बसली असेल आजी, पण थर्टी नाइन गेला. बसा, मधे घेते.”

मी मागे फिरले. लोक बघत असणार, मला सुदैवाने दिसत नव्हते. बाकावर बसल्यावर मी नातीला दबक्या आवाजात विचारलं, “अगं, मी तुला एकोणचाळीस सांगितलं होतं ना?”

“मग तेच सांगितलं मी.” ती रडायच्या बेतात होती. “एकोणीस म्हणजे नाइनटीन. म्हणजे एकोण म्हणजे नाइन. आणि चाळीस म्हणजे फॉर्टी. मग एकोणचाळीस म्हणजे फॉर्टी नाइनच ना?”

या बोलण्यात चूक काढून दाखवा. एकेचाळीस फॉर्टी वन, बेचाळीस फॉर्टी टू, त्रेचाळीस फॉर्टी थ्री. सगळे चाळीसवाले फॉर्टीच्या घरातले, मग ह्या एकट्यानेच थर्टीच्या घरात का राहावं? पोरीचा तर्क सरळ होता. आमचा आकडाच तिरका. दहावीच्या मुलाने असा तर्क लिहिला असता तर मी पैकीच्या पैकी गुण दिले असते.

आणि मग माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. एकोणतीस अधिक पंधरा. तिने एकोणतीस म्हणजे थर्टी नाइन धरलं होतं. थर्टी नाइन आणि फिफ्टीन, फिफ्टी फोर. उत्तर अगदी बरोबर होतं! हातचा एकदाच मिळवला होता, नीट मिळवला होता. पहिल्या दिवशी मी तिला आकड्यांचं भाषांतर करून देत होते, मग भाजी चिरायच्या नादात ते बंद केलं आणि सुरी घेऊन तिच्या अंगावर धावले. वा रे निदान करणारी! मला तिथेच धरणीने पोटात घ्यावं असं वाटलं.

“तू बरोबर आहेस,” मी म्हटलं. “चूक तुझी नाही. ह्या शब्दात एक गंमत आहे, ती मी तुला सांगितलीच नाही. ऊण म्हणजे कमी. एकोणचाळीस म्हणजे चाळीसला एक कमी.”

तिने डोळे पुसले. “चाळीसला एक कमी म्हणजे थर्टी नाइन.”

“हो.”

“मग चाळीसचं नाव कशाला घेतो तो? अजून चाळीस आला पण नाही.”

पण या वेळी मी ओरडले नाही, कारण तिचा चेहरा बदलत होता. एवढं मला धुरकट डोळ्यांनीही दिसलं.

“आईसारखं!” ती म्हणाली. “आई कळंबोलीच्या सिग्नलला असते आणि फोनवर म्हणते, पोचलेच मी घरी!”

मी इतकी हसले की शेजारच्या बाईही हसल्या. मग त्या म्हणाल्या, “तुमी मगाशी बोललात ना, पोरांना आयकायला शिकवा म्हून? मी आयकत होते हां. ती काउंटरवरली पोरगी ओरडली ना थर्टी नाइन, तवा तुमी लय रंगात आलावता.” मी थेंबांचं निमित्त करून रुमालाने डोळे पुसत बसले.

घरी येताना रिक्षात ती एकेक आकडा तपासत होती. एकोणतीस, तीस पोचलेच. एकोणपन्नास, पन्नास पोचलेच. मग एकदम तिने विचारलं, “आणि अठ्ठावीस? तो दोकोणतीस का नाही?”

“नाही बाई. का नाही ते मला माहीत नाही.”

“मी म्हणू?”

आठवडाभरापूर्वी मी सांगितलं असतं, असा शब्द नाही. आता मी म्हटलं, “म्हण.”

“अठ्ठावीस दोकोणतीस. सत्तावीस…” ती थांबली आणि मग रिक्षातच टाळ्या वाजवायला लागली. “त्रिकोणतीस! आजी, त्रिकोणतीस! आणि सव्वीस चौकोनतीस!”

सगळा जन्म भूमिती शिकवण्यात गेला, पण त्रिकोणाचा असा उपयोग मला कधी सुचला नव्हता. मी पुढचं नुसतं विचारलं, “मग त्रिकोणतीस अधिक पंधरा?” रिक्षा वळली, सरळ झाली. “तीस आणि पंधरा, पंचेचाळीस,” ती म्हणाली, “आणि त्रिकोण काढून घेतला. फॉर्टी टू.” पहिल्या दिवशी पाटीवर जे गणित बत्तीस झालं होतं, तेच होतं ते. मूठ उघडी होती. हातचा लागलाच नव्हता.

तिथून पुढे मी एकच पद्धत वापरली, तोंड बंद ठेवायची. तुम्हाला वाटेल सोपं आहे. माझ्यासाठी ते गुडघ्यापेक्षा अवघड होतं. पोरगी आपल्या आपण आकडे जवळच्या दहावर नेऊन सोडायची आणि मग त्रिकोण-चौकोन काढायची, जोडायची. वजाबाकीत मात्र ती अडायची. मोठा आकडा वजा केला तर जास्तीचे परत द्यायचे की आणखी काढायचे, इथे घोटाळा व्हायचा. मी शिकवायला पुढे सरसावले की हे नुसते खाकरायचे.

दिवाळीत लेक-जावई जेवायला आले. फराळाचं ताट पुढे घेऊन लेक म्हणाली, “चल, बघू या तुझी आजी काय शिकवते ते. फॉर्टी सेव्हन प्लस ट्वेंटी सिक्स. पेन्सिल नाही.”

नातीने चिवड्यातला शेंगदाणा उचलला. “चौकोनतीस आहे तो,” ती म्हणाली. “फॉर्टी सेव्हन आणि थर्टी, सेव्हंटी सेव्हन. चौकोन काढला. सेव्हंटी थ्री.”

लेकीने माझ्याकडे पाहिलं. “आई, चौकोन?”

“आमच्यात असतात,” मी म्हटलं.

“बरं. सिक्स्टी टू मायनस ट्वेंटी एट.”

अरे देवा. नेमकी तीच. “दोकोणतीस,” नात म्हणाली. “सिक्स्टी टू मधून थर्टी गेले. थर्टी टू.” आणि थांबली. दोन जोडायचे, बाळा, दोन परत द्यायचे! माझ्या जिभेवर आलेलं. मी तोंड उघडलं तेवढ्यात ह्यांनी त्यात अख्खा बेसनाचा लाडू कोंबला. मी डोळे वटारून लाडू चावत राहिले.

“मी त्याचे दोन जास्त घेतले,” नात हळूहळू म्हणाली. “ते माझे नाहीत. परत दिले. थर्टी फोर.”

लेक उठून तिला नाही, मला येऊन बिलगली. “नको क्लास,” ती म्हणाली. माझ्या तोंडात लाडू होता म्हणून मला नीट रडताही येईना.

जिंकले, असं मला पुरते दोन दिवस वाटलं. तिसऱ्या दिवशी लेकीचा फोन आला. गणिताचं टेन्शन गेलं, तर पोरीने तिकडे कामोठ्याला स्केटिंग लावायचा हट्ट धरला होता. तिच्या सगळ्या मैत्रिणी जातात. रोज संध्याकाळी. “आता व्हॅन तिला आमच्याच गेटला सोडेल, शेजारच्या वहिनी बघतील तासभर. शनिवारी येईल ना तुझ्याकडे. चालेल ना, आई?”

चालेल म्हटलं. न चालून सांगते कोणाला? गणित आलं नसतं तर ती गेली असती, गणित आलं म्हणूनही ती गेली. उत्तर एकच आलं. मी मात्र रीत सुंदर लिहिली होती.

दिवाळीची सुट्टी संपायच्या आदल्या संध्याकाळी लेक तिला न्यायला आली. मी खाली सोडायला गेले. स्कूटर चालू होती, हेल्मेट घातलं होतं. मी हसतच होते, पण पोरांना काही लपत नाही. नात स्कूटरवरून खाली उतरली, माझा उजवा हात हातात घेतला, माझी बोटं एकेक करून मिटवली आणि वरून थोपटलं.

“आजी, हातचा एक,” ती म्हणाली. “शनिवारी मिळवायचा. नाक खाजवू नकोस.”

स्कूटर वळली. मी जिना चढले. हे फिरायला गेले होते, दाराला कुलूप होतं आणि किल्ली पर्समध्ये, पर्स उजव्या खांद्याला. डाव्या हाताने पर्स काढायला, डाव्या हाताने किल्ली शोधायला आणि डाव्या हाताने ती कुलपात घालायला मला इतका वेळ लागला की समोरच्या वहिनींनी पुन्हा दार उघडून विचारलं, “हाताला काय झालं हो?”

“काही नाही,” मी म्हटलं, “जरा किल्ली फिरवून देता का?”